पुतीचा भाव

जमारिसच्या तोंडापेक्षा त्याच्या उजव्या हाताची कीर्ती मोठी होती, आणि तोंडही काही कमी चालायचं नाही. पादांग पांजांग या आमच्या डोंगरी शहराच्या आसपास गुरांचा कुठलाही बाजार असो, दलाल म्हणून तो हजर. आमच्याकडे गुरांचा सौदा तोंडानं होतच नाही. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वरून लुंगी टाकतात आणि कापडाआड बोटांनी भाव करतात. अमुक बोट धरलं तर इतके, तमुक मुरगळलं तर तितके कमी. याला मारोसोक म्हणतात. आत बोटं हमरीतुमरीवर आलेली असली तरी वर तोंडानं पावसापाण्याचं बोलायचं, नाहीतर मारापीचा डोंगर आज किती धूर ओकतोय त्याचं. जमलं तर दोर हातात द्यायचा, नाही जमलं तर हसून हात सोडवून घ्यायचा. भाव काय झाला हे तिसऱ्याला कळता कामा नये. त्यामुळे आमच्या बाजारात भांडणं होत नाहीत; ती आम्ही लग्नघरांसाठी राखून ठेवतो.

“जमारिसच्या हातात हात दिला की घरी जाऊन बोटं मोजून घ्यावीत,” असं तोके बुरहान म्हणायचा. तोके म्हणजे मोठा व्यापारी, आणि बुरहान त्यातला सगळ्यांत मोठा, पोटानंही. जमारिस स्वतः किरकोळ अंगाचा, नाकाखाली चार केसांची मिशी, खांद्यावर चौकड्याची जुनी लुंगी. त्या लुंगीचा एक कोपरा कुरतडलेला होता. नवी घे म्हटलं तर म्हणायचा, “हिला हाताची सवय आहे.”

गवळ्यांची दुसरीही एक नड तो भागवायचा. कुठली गाय ठेवायची आणि कुठली काढायची याचा कुणाचा निर्णय होत नसला की जमारिसला बोलावणं जायचं. तो गोठ्याच्या दारातच उभा राहायचा, एक नजर टाकायचा आणि म्हणायचा, “भाकड गाय म्हणजे जेवण झालं तरी न उठणारा पाहुणा. सोडा दोर, मी नेतो.” लोक हसायचे, आणि हसता हसता त्यांना दोर सोडणं सोपं जायचं. बाजारात तो दोर बुरहानच्या हातात पडला की जमारिस कॉफीच्या टपरीकडे वळायचा. बाजाराच्या मागच्या फाटकातून गाय पुढे कुठे जाते हे त्याला पक्कं माहीत होतं. फक्त त्या फाटकापर्यंत तो कधी गेला नव्हता.

आता आमच्यातली एक गोष्ट सांगायला हवी. घर बाईचं, जमीन बाईची, गुरं बाईची. पुरुषाच्या मालकीचं काय, तर अंगावरचे कपडे आणि तोंडातली बढाई. तो झोपतो बायकोच्या घरी, जावई म्हणून, आणि पाहुण्यासारखं वागवून घेतो. त्याचा अधिकार चालतो तो बहिणीच्या घरी. तिथं तो मामाक, म्हणजे भाच्यांचा मामा आणि घरचा कारभारी. जमारिसही रोज सकाळी बायकोच्या घरी तोंड धुवायचा आणि कॉफीला बहिणीच्या ओट्यावर हजर व्हायचा.

बहीण थोरली. तिचं नाव आसनिमार, आणि जमारिस तिला उनी म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. तिचा नवरा पेकानबारूला खानावळ चालवायचा आणि ईदेपुरता घरी यायचा, त्यामुळे सहा गाईंचा गोठा तिच्या एकटीच्या हातावर होता. गाय काढायची की ठेवायची हे ती कुणाला विचारायची नाही. तिचे तीन प्रश्न ठरलेले होते: पोटात काय, गव्हाणीत काय, पायांत काय? म्हणजे गाभण राहते का, चारा संपवते का, आणि आपली आपण उठते का. यात दुधाचं नावच नाही म्हणून लोक हसायचे, तेव्हा ती म्हणायची, “दूध आटलेलं मला बादलीत दिसतं. त्यासाठी गाईला काय विचारायचं?” कुणी दूध कमी झालं की दुसऱ्या दिवशी दोर सोडतं, तर कुणी जनावर कोसळेपर्यंत अल्लाच्या भरवशावर टाकून ठेवतं. आसनिमार दोघांनाही सारखीच नावं ठेवायची. पहिल्या दोन प्रश्नांना ‘नाही’ आलं तरी विचार करायला वेळ असतो, तिसऱ्याला आलं की तो वेळ संपला, असा तिचा हिशेब.

आणि एका सकाळी, कॉफी ओतता ओतता, तिनं विषय काढला. “मारिस, पुतीला काढायला हवं.”

जमारिसनं कप खाली ठेवला.

पुती ही या गोठ्यातली पहिली गाय. काळीपांढरी, रुंद कपाळाची, स्वतःला राजकन्या समजणारी. नावाचा अर्थही तोच. कालवड होती तेव्हा जमारिसनंच तिला आणलं होतं. आमच्याकडे पाऊस बारमाही, आणि पत्र्यावर तो वाजायला लागला की कालवड दोर तोडायला बघायची. म्हणून पहिला आठवडा त्यानं गोठ्यातच मुक्काम ठोकला. लुंगीचा कोपरा तिनं चघळला तो तेव्हाच. नेमकं त्याच महिन्यात त्याचं लग्न झालेलं. नवा जावई सासरी झोपायचा सोडून गोठ्यात झोपतो ही बातमी गावभर झाली, आणि त्याची बायको दाहनिआर आजही चारचौघांत सांगते, “मला सवत आहे. चार पायांची.” तेव्हापासून रोज सकाळी बहिणीकडे येताना जमारिस टपरीवरून केळ्याची गरम भजी आणायचा. दोन बहिणीला, एक स्वतःला, एक पुतीला. पुती दावणीतून मान लांब करून आधी त्याचा खिसा हुंगायची आणि मग त्याच्याकडे बघायची.

“चार वेळा भरवली, चारही वेळा उलटली, गाभण राहिलीच नाही,” आसनिमार सांगत होती. “चारा अर्धा टाकते. मागचं खूर बघितलंस? डॉक्टरांनी दोनदा कापलं, पुन्हा पुन्हा आत चिघळतंय. आणि तिचीच नात आता विणार आहे, तिला जागा कुठून आणू? तूच सांग. तू सगळ्यांना सांगतोस ना.”

जमारिसनं भजीचा तुकडा मोडला. न उठणाऱ्या पाहुण्याचा विनोद त्याच्या जिभेवर आलाच नाही. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “नेतो बाजारात.”

“मला जाता आलं असतं तर मीच नेली असती,” आसनिमार म्हणाली. परक्या पुरुषांच्या हातात हात द्यायचा, म्हणून आमच्याकडे बायका मारोसोक करत नाहीत. बोटं मात्र तिलाही येत होती. बाप दलालच होता, आणि दोन्ही पोरांना तो घरी बसवून बोटं शिकवायचा. थोरलीची बोटं जास्त तल्लख, हे बापानं बोलून दाखवलेलं जमारिस अजून विसरला नव्हता.

बाजाराच्या दिवशी पुती ट्रकमध्ये चढली. चढली म्हणजे, दोघांनी मागून लोटली आणि जमारिसनं पुढून भजी दाखवली.

बुरहान वाटच बघत होता. त्यानं पुतीच्या पाठीवरून हात फिरवला, कुल्ल्याचं हाड दाबून बघितलं, आणि जमारिसचा हात धरला. लुंगी वर पडली.

“पाऊस यंदा थांबायचं नाव घेत नाही, सुतान,” बुरहान म्हणाला. लग्नानंतर पुरुषाला आमच्यात पदवी मिळते. बाजारात जमारिसला सगळे सुतानच म्हणायचे.

“नाही ना,” जमारिस म्हणाला, आणि आत त्यानं बुरहानची बोटं अशी धरली की बुरहानचे डोळे विस्फारले.

“डोंगरही आज फार धूर सोडतोय,” बुरहाननं स्वतःला सावरत एक बोट मुरगळलं.

“सोडणारच,” जमारिस म्हणाला, आणि आणखी एक बोट वर चढवलं.

बुरहाननं हात सोडवून घेतला. हसला, रीतच आहे. पण जाताना मागे वळून त्यानं जमारिसकडे असं बघितलं, की माणसाला बरं नाही की काय. दुसऱ्या दोन व्यापाऱ्यांची तीच गत झाली. दुपारी पुती पुन्हा ट्रकमध्ये आणि संध्याकाळी पुन्हा दावणीला. जमारिसचा जीव भांड्यात पडला. बहिणीला तो म्हणाला, “भाव पडलाय, उनी. आज गिऱ्हाईकच नव्हतं.”

पुढच्या बाजाराला हाच खेळ. फरक एवढाच, की आता बाजारात कुजबूज सुरू झाली. भाव गुप्त ठेवायचा असतो म्हणून बुरहान काही बोलला नाही; पण तीन व्यापारी एकाच माणसाच्या हातातून हात सोडवून एकाच तऱ्हेनं डोकं खाजवतात, हे टपरीवाल्याला दिसत होतं. टपरीवरच्या मंडळींनी निदान करून टाकलं: सुतानचा हात गेला. कुणी म्हणालं सांधे धरलेत, कुणी म्हणालं नस दबली आहे, एकानं तर शपथेवर सांगितलं की जमारिसला करंगळी आणि अनामिका यांतला फरक कळेनासा झालाय. सासूबाईंनी आल्याचं तेल पाठवून दिलं. एक गवळी, ज्याच्या तीन गाई जमारिसनं आजवर विकल्या होत्या, चौथीसाठी दुसऱ्या दलालाकडे गेला.

हे शेवटचं जमारिसला झोंबलं. हात हीच त्याची कमाई, हात हीच त्याची अब्रू. पण खरं सांगायची सोय नव्हती. उभ्या जन्मात ज्यानं लोकांना “सोडा दोर” म्हटलं, त्याच्याच हातून एक दोर सुटत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगणार? तेल चोळून घेतलं आणि मूग गिळून बसला.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर घाटाच्या वळणावर ट्रक जरा जोरात वळला, आणि मागे धप्प आवाज झाला. जमारिसनं उतरून बघितलं तर पुती पुढच्या गुडघ्यांवर बसली होती. उठली, पण उठताना मागचा पाय तिनं जमिनीला लागूच दिला नाही. घरी आल्यावर ती गव्हाणीकडे न जाता सरळ आडवी झाली. जमारिसनं सकाळची उरलेली भजी तिच्या तोंडाशी धरली. तिनं नुसतंच हुंगलं.

आसनिमार गरम पाण्यात मीठ घालून घेऊन आली. तिनं खूर धुतलं, पुसलं, औषध लावलं. जमारिसनं दोर नीट बांधला. मग हात पुसत ती ओट्यावर आली आणि म्हणाली, “बस इथं. हात दे.”

“कशाला?”

“मी तोके आसनिमार. मला तुझी गाय घ्यायची आहे.”

“उनी, थट्टा नको.”

“हात गेलेला माणूस निरगाठ अशी मारत नाही, मारिस. आत्ता बघितली मी. दे हात.”

त्याच्या खांद्यावरची लुंगी तिनंच ओढली आणि दोघांच्या हातांवर टाकली. मग थेट बाजारातल्या सुरात म्हणाली, “आज थंडी आहे, नाही का सुतान?”

“आहे खरी,” जमारिस पुटपुटला.

आत तिच्या बोटांनी त्याची बोटं शोधली आणि विचारलं: बोल, किती? जमारिस तोंडानं बेधडक खोटं बोलू शकायचा, तो त्याचा धंदाच होता. पण कापडाआड खोटं बोलायचं नाही, हे बापानं या दोघांच्या बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं. त्यानं बुरहानला सांगितलेला भाव सांगितला.

आसनिमारचा हात थबकला. तिनं पुन्हा एकदा चाचपून खात्री करून घेतली. आणि मग ती अशी हसत सुटली की गोठ्यातल्या सहाही गाईंनी माना वळवल्या.

“अरे मेल्या! एवढ्यात पुती आणि वर तोके बुरहान, दोघंही येतील!” ओढणीनं डोळे पुसत ती म्हणाली. “आणि मी इथं वाटेत भेटेल त्याला विचारतेय, भाव का पडला म्हणून!”

जमारिसलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. “दोर सुटत नाही माझ्यानं, उनी. बाकीच्यांचा सुटतो. हिचा नाही सुटत.”

“मग मला तसं सांगायचं.”

“मामाक असून?”

“मामाक असून दोनदा तिला ट्रकात चढवलीस ती चढवलीस. तुझी माया मला कळते रे. पण तुझ्या मायेसाठी चालावं लागतं तिला, तसल्या पायानं. तू तिला वाचवत नाहीस. तू तिला नुसतं फिरवतोयस.”

हे जमारिसच्या डोक्यात आलंच नव्हतं. दोन्ही बाजारांना दुपारी पुती परत ट्रकात चढली की त्याला वाटायचं, आज आपण जिंकलो. त्याला फार वाईट वाटलं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसलं की आसनिमारनं हात सोडला नाही.

थोड्या वेळानं कापडाआड त्याच्या बोटांनी हालचाल केली. तिला आधी कळेना. मग कळलं: तो विकत नव्हता, घेत होता.

“तू? आणि ठेवणार कुठं? खिशात?”

“दाहनिआरच्या परसात जागा आहे.”

“सासरी? गाय घेऊन सासरी जाणार तू?” आसनिमारला पुन्हा हसण्याची उबळ आली. आमच्यातला जावई सासरी ताट सरकवतानाही विचार करतो. तो गाय घेऊन राहायला गेल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. पण त्याची बोटं हटेनात, तेव्हा तिचं हसू ओसरलं. “बरं, ऐक. गाय तुझी झाली की तीन प्रश्नही तुझे. पहिल्या दोहोंचं उत्तर आपल्याला आजच ठाऊक आहे. तिसऱ्याला ‘नाही’ आलं की त्याच दिवशी तिला मोकळं करायचं. उद्या नाही, पुढचा जुम्मा नाही. आणि ट्रक नाही.”

“ट्रक नाही,” जमारिस म्हणाला, आणि एक बोट मिटलं. सौदा झाला. भाव काय ठरला हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

चार दिवस विश्रांती दिल्यावर जमारिसनं पुतीला गवताच्या कडेकडेनं, थांबत थांबत, दोन आळ्या पलीकडे सासरी नेलं. सासूबाई ओट्यावर कोथमीर निवडत होत्या. “या माणसानं इतक्या वर्षांत या घरात कधी नारळ आणला नाही,” त्या म्हणाल्या, “आणि आता गाय?”

दाहनिआर कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. “या, सवतबाई, या. उशीर केलात.”

पुतीनं पहिल्याच दिवशी दोरीवर वाळत घातलेल्या सासूबाईंच्या नमाजाच्या ओढणीची कड चघळली. सासूबाईंनी असा काही आरडाओरडा केला की शेजारची माणसं गोळा झाली, आणि त्या सगळ्यांच्या देखत जमारिसनं ओढणी धुतली. पण आठवड्याभरात आवाज बदलला. पुती अजून वाटीभर दूध द्यायची. सासूबाई ते कॉफीच्या पानांच्या काढ्यात, कावामध्ये, घालून करवंटीतून प्यायच्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, “घरची गाय आहे आमची.” जमारिसनं फणसाच्या झाडाखाली गोठा बांधला. पत्रा नाही घातला, गवताचं छप्पर केलं, म्हणजे पाऊस वाजायला नको. खाली भाताच्या पेंढ्याची जाड गादी. दुपारी ऊन पडलं की पुती पाय पसरून रवंथ करत बसायची आणि जमारिस तिच्या पाठीला टेकून बाजारच्या गप्पा सांगायचा. दाहनिआर म्हणायची, लग्न झाल्यापासून माझ्याशी एवढं बोलला नाही हा माणूस. पण ती हे हसत म्हणायची, आणि खरं तर नवरा आता दिवसाही घरी दिसतो याचं तिला बरंच वाटत होतं. तेवढे दिवस फार छान गेले. जमारिसलाही ते छान गेले हे कळत होतं.

रोज सकाळी तो भजी घेऊन तिच्यापासून चार पावलांवर उभा राहायचा. पुती आधी मागचा भाग उचलायची, मग पुढचा, आणि लंगडत येऊन खिसा हुंगायची. लोकांना वाटायचं लाड चाललेत. तो तिसरा प्रश्न विचारत होता.

उठायला तिला रोज थोडा जास्त वेळ लागायला लागला. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि सांगितलं, हा पाय आता बरा होणार नाही. जमारिसनं मान डोलावली. मनात मात्र, उद्या ऊन पडलं तर, परवा गादी बदलली तर, असं चालूच होतं. हेच गवळी लोक त्याला सांगायचे तेव्हा त्यांना तो हसायचा.

मग एका सकाळी तो भजी घेऊन उभा राहिला, आणि पुतीनं मागचा भाग उचलायला जोर केला. अर्ध्यावर आली, थरथरली, खाली बसली. पुन्हा केलं. पुन्हा बसली. मग तिनं तिसरा प्रयत्न केलाच नाही. नुसती मान लांब केली, जमेल तेवढी, आणि त्याच्याकडे बघितलं.

जमारिसनं चार पावलं पुढे टाकली. भजी तिला दिली, आणि स्वतःची होती तीही दिली. तिचे कान खाजवले. मग उठून दाहनिआरला म्हणाला, “मी इद्रुसकडे जाऊन येतो.”

इद्रुस गावातला कुर्बानी करणारा. फार मऊ बोलणारा माणूस, आणि सुरीला दुसऱ्या कुणाचा हात लागू न देणारा. जमारिसनं सांगितलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, “तू तिथं थांबणार, की नंतर येणार?”

फाटकाकडे पाठ फिरवून टपरीकडे वळायची सवय जमारिसच्या पायांना इतक्या वर्षांची होती. “थांबणार,” तो म्हणाला.

पुतीला कुठेही न्यावं लागलं नाही. आपल्याच पेंढ्याच्या गादीवर, आपल्याच झाडाखाली. इद्रुसनं सुरी पाठीमागे धरली होती, तिला ती दिसलीच नाही. तिचं डोकं जमारिसच्या मांडीवर होतं आणि तोंडात लुंगीचा कोपरा. इद्रुसनं अल्लाचं नाव घेतलं. ती दचकलीही नाही. मग जमारिस रडला, सगळ्यांसमोर, मोकळेपणानं. मांस गावातल्या गरजवंतांना वाटलं. सासूबाईंनी त्या दिवशी मासे शिजवले आणि कुणाला काही विचारलं नाही.

जमारिस आजही दलाली करतो. हात जागेवर आहे, बुरहान पुन्हा बोटं मोजतो. फक्त पाहुण्याचा विनोद त्यानं सोडला. गवळ्यानं बोलावलं की तो आता दारात उभा राहत नाही. आत जाऊन गाईजवळ बसतो आणि ती उठेपर्यंत वाट बघतो. उठायला जड जाणारं जनावर तो ट्रकात चढवू देत नाही, इद्रुसला घरी बोलवा म्हणतो. आणि फाटकापलीकडेही जाऊन येतो. तिथल्या चिखलात गाई घसरतात म्हणून त्यानं बुरहानच्या इतकं डोकं खाल्लं, की बुरहाननं शेवटी पदरचे पैसे घालून तिथं खडबडीत फरशी करून घेतली.

पण त्या दिवशी दुपारचं सांगायचं राहिलं. सगळं आटोपल्यावर जमारिस बहिणीच्या ओट्यावर आला. आसनिमारनं कॉफी आणून ठेवली. गोठ्यात पुतीच्या जागी तिची नात उभी होती, दिवस भरत आलेली, आणि जमारिसच्या खिशाकडे मान लांब करून बघत होती. दोघंही तिकडे बघत बसले. मग जमारिसनं खांद्यावरची लुंगी काढली, कोपरा अजून ओलाच होता, आणि आपला हात कापडाखाली बहिणीपुढे केला.

आसनिमारनं हात आत घातला आणि थांबली, तो काय सांगतोय ते कळावं म्हणून. त्याची बोटं काहीच सांगत नव्हती. नुसती होती. तिनं सगळा हातच मुठीत धरला, आणि दोघं तसेच बसून राहिले.

तेवढ्यात रस्त्यावरून बुरहान मोटरसायकलवरून चालला होता. ओट्यावर लुंगी, लुंगीखाली हात, हे बघून त्यानं ब्रेक दाबला. “काय सुतान! कसला सौदा? काय भाव?”

जमारिसनं आभाळाकडे बघितलं. आसनिमारनंही बघितलं. हात तिनं सोडला नव्हता.

“पाऊस येणार असं दिसतंय,” ती म्हणाली.

“येणारच,” जमारिस म्हणाला.